जुनी फोर बाय फोर घेऊन लिफ्ट करावी, की नवी घेऊन तशीच चालवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसला जायला रोज गाडी लागते आणि महिन्यातून एक-दोनदा डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जायचंय. नवी फोर बाय फोर घेतली तर सगळा पैसा तिच्यातच जातो. सात-आठ वर्षं जुनी घेतली तर साधारण तिसरा हिस्सा उरतो. त्या उरलेल्या पैशात तीन इंची लिफ्ट (उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलणं), 33 इंची टायर, स्टीलचा बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारा पाइप) आणि एलईडी बार बसवायचा का, बसवायचा तर कुठल्या क्रमाने, आणि बार छतावर लावू की बंपरवर?

गाडी अजून दारात आलेली नाही, पण तिच्यात काय काय कमी आहे ते तुम्ही ठरवून टाकलंय! यात तुमचा दोष नाही. मॉडिफाइड गाड्यांचे फोटो बघून प्रत्येकाची यादी अशीच तयार होते. मी अशा गाड्यांच्या सस्पेन्शनचं आणि ड्राइव्हलाइनचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं काम करतो, नव्या लोकांना कच्च्यावर चालवायलाही शिकवतो. माझ्या मते जुनी की नवी हा तुमचा खरा प्रश्न नाही. गाडी कुठे अडते आणि कशामुळे अडते हे कळण्याआधी पैसा कुठे अडकवायचा नाही, हा आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: जुनी घ्या, मूळ अवस्थेतली घ्या, उरलेल्या पैशातला मोठा भाग तिच्या दुरुस्तीवर आणि टायरवर घाला आणि लिफ्टचं नाव काही महिने काढू नका.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. वाट खडकाळ असेल तर गरजा वेगळ्या, चिखलाची असेल तर वेगळ्या, वाळू असेल तर आणखी वेगळ्या. तुम्ही एकटे जाता की सोबत दुसरी गाडी असते, याने विंचचा निर्णय फिरतो. आणि गाडीची उंची, टायरचं माप, बंपर यांत बदल करायला परवानगी आहे की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. नोंदणीचे नियम आणि विमा कंपनीची अट, दोन्ही लेखी विचारून घ्या. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला गेला की सगळ्या सुट्या भागांच्या किमतीपेक्षा तो महाग पडतो.

आता गाडी कुठली? ब्रँड सांगत नाही, काय बघायचं ते सांगतो. लॅडर फ्रेमची चॅसी, म्हणजे शिडीसारखा वेगळा मजबूत सांगाडा, आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, या दोन गोष्टी असतील तर बाकीचं नंतर जुळवता येतं. लो रेंज नसेल तर ती नंतर घालणं जवळपास अशक्य. हॉर्सपॉवरकडे फार बघू नका. 1941 साली आलेल्या विलीज एमबी जीपचं इंजिन 2.2 लिटर आणि 60 हॉर्सपॉवरचं होतं, टायर आजच्या मानाने बारीक. पण वजन सुमारे 1,100 किलो, व्हीलबेस आखूड आणि लो रेंज होती. चढावर किंवा खडकांत गाडी सावकाश आणि ताब्यात चालावी लागते. तिथे गिअरिंग कामाला येतं, इंजिनचा आकडा नाही. आजच्या जिम्नीची लो रेंज साधारण 2:1 आहे, म्हणजे वेग निम्मा आणि ओढ दुप्पट; जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलची 4:1. खडकांवरून मुंगीच्या पावलांनी उतरताना हा फरक पायाला कळतो, ब्रेक कमी लागतो.

व्हीलबेसकडे मात्र नीट बघा. जिम्नीच्या तीन दारी मॉडेलचा व्हीलबेस 2,250 मिलीमीटर, पाच दारी मॉडेलचा 2,590. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलीमीटरच. पण उंचवट्यावरून जाताना पोट न घासण्याचा कोन, म्हणजे ब्रेकओव्हर अँगल, 28 अंशांवरून 24 वर येतो. म्हणजे जाहिरातीत क्लिअरन्सचा एकच आकडा असलेल्या दोन गाड्यांपैकी एक पलीकडे जाते आणि दुसरी मधोमध टेकते. उलट लांब गाडी उभ्या चढावर स्थिर वाटते, सामानही मावतं. रोज ऑफिसला मागे माणसं बसणार असतील तर लांब गाडी घ्या आणि तो कोन कमी आहे हे लक्षात ठेवून वाट निवडा.

जुनी गाडी तपासताना बॉनेट उघडून इंजिनवरच अर्धा तास घालवणारे फार. इंजिन बघाच, पण अशा गाडीत खरी गोष्ट खाली असते. पहिल्यांदा चॅसी. छोटी हातोडी घेऊन चॅसीवर जागोजागी हलकेच ठोका, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ आणि चिखल साचून राहतो त्या आतल्या कोपऱ्यांत. निकोप पत्रा टणटणीत वाजतो, गंजलेला बोदा. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, तो का मारलाय ते विचारा. मग सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी आतून कितीही धुतली तरी बेल्टचा गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कोणी धूत नाही; तिथे चिखलाची रेघ दिसली तर गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं होतं, असं धरून चाला. कार्पेटखालचे वायरिंगचे जोड आणि एअर फिल्टरच्या डब्याचा तळही त्याच नजरेने बघा. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवून बारीक धूळ लागली तर इंजिनने माती खाल्ली आहे.

दोन्ही डिफरेन्शियलचे (ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) भराईचे नट उघडायला लावा आणि बोट बुडवून ऑइल बघा. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी. पाण्यात उतरताना गरम हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची वाट, बंद असेल किंवा पाण्याखाली असेल तर सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. मालकाने नंतर ऑइल बदललं नसेल तर बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधले मुख्य गिअर) त्यातच फिरत राहिलेत. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा, हाताने पिळून त्याच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) खेळ आहे का बघा.

मग गाडी मोकळ्या मातीवर न्या आणि फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा गिअर) आणि फोर-लो (चारही चाकं, लो रेंज) दोन्ही टाकून बघा. बऱ्याच गाड्यांची लो रेंज वर्षानुवर्षं कोणी वापरलेली नसते. लिव्हर हलतो, डॅशबोर्डवर दिवाही लागतो, पण पुढची चाकं ओढतच नाहीत. म्हणून दिव्यावर विश्वास न ठेवता मागची चाकं भुसभुशीत जागी घसरतील अशी उभी करा आणि पुढची माती उकरतात का ते बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. हे कोरड्या डांबरावर करू नका. पार्ट-टाइम फोर बाय फोरला मधलं डिफरेन्शियल नसतं, वळताना पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. विकणारा डांबरावरच फोर बाय फोर टाकून गोल फिरवून दाखवायला लागला तर त्याने गाडी कशी वापरली असेल ते कळलंच.

आधीच मॉडिफाय केलेली गाडी स्वस्तात मिळते, तिचा मोह होतो. मी बहुतेक वेळा नको म्हणतो. कोणत्या किटचे स्प्रिंग, कोणी बसवले, मूळ भाग कुठे आहेत, यांची बिलांसकट उत्तरं मिळाली तरच पुढे जा. रिले न घालता थेट जोडलेले दिवे, चाकं बाहेर काढायला त्यांच्यामागे घातलेल्या चकत्या (स्पेसर) आणि चॅसीवरचं हौशी वेल्डिंग, यांतलं एकही दिसलं तर मी परत फिरतो.

गाडी घेतल्यावर सगळी ऑइल, ब्रेक, बुश, बेअरिंग, कूलंटचे पाइप आणि बॅटरी ठीक करून घ्या. याचा फोटो निघत नाही, म्हणून याला कोणी मॉडिफिकेशन म्हणत नाही. पण डोंगरात गाडी बंद पडते ती लिफ्ट नव्हती म्हणून नव्हे, दहा वर्षांचा रेडिएटरचा पाइप फुटला म्हणून.

त्यानंतर टायर. यादीतल्या कुठल्याही एका वस्तूने गाडीत सर्वांत मोठा फरक पडत असेल तर तो टायरने. तुमच्या वापराला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चं दोन्हीकडे चालणारे टायर योग्य. मड-टेरेन चिखलात भारी, पण ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो, आवाज येतो, आणि तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरावरच जाणार. साइडवॉल मजबूत घ्या. खडकाळ वाटेवर टायर बहुधा बाजूनेच फाटतो.

आता 33 इंचाबद्दल. समजा गाडीला मूळ टायर 195/80 आर15 आहे. रुंदी 195 मिलीमीटर, तिच्या 80 टक्के म्हणजे 156 मिलीमीटर साइडवॉल. ती वर-खाली मिळून 312 आणि 15 इंची रिम 381, एकूण व्यास 693. त्याऐवजी 235/75 आर15 घातला तर व्यास साधारण 734 होतो. म्हणजे 41 मिलीमीटर वाढ, पण क्लिअरन्समध्ये मिळतात त्यातले निम्मे, सुमारे 20. बदल्यात गिअरिंग जवळपास सहा टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे ओढ तितकी कमी होते, आणि स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 वर असते. इतकं चालतं. आता याच गाडीला 33 इंची टायर, म्हणजे 838 मिलीमीटर. मूळ मापापेक्षा 21 टक्के मोठा! तुमची 2:1 ची लो रेंज व्यवहारात 1.65 वर आली. ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली, तीच टायरने खाल्ली. मग ती परत मिळवायला क्राउन-पिनियन बदलायचे, जड चाकं थांबवायला ब्रेक वाढवायचे, घासतंय म्हणून चाकांच्या कमानी कापायच्या. मोठ्या, वजनदार गाडीला 33 इंच मूळ मापाच्या जवळ असू शकतात, तिथे हा हिशोब सौम्य होतो. म्हणून इंचांत बोलण्याआधी तुमच्या गाडीच्या टायरवरचा आकडा घेऊन हीच आकडेमोड करा.

आणि टायरमधली हवा. रस्त्यावर 32-35 पीएसआय असेल तर दगडधोंड्यांच्या वाटेवर 24-25, वाळूत 15-18 वर उतरा. हवा कमी केली की जमिनीला टेकणारा पट्टा मुख्यतः लांबीला वाढतो, टायर दगडाला धरून बसतो, पाठीलाही धक्के कमी लागतात. वेग मात्र कमी ठेवायचा आणि झटक्यात वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. साध्या रिमवर 12 च्या खाली जायला मी सांगत नाही. डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची, म्हणून चांगला कंप्रेसर आणि प्रेशर गेज हवेच. लिफ्टच्या मानाने यांचा खर्च किरकोळ, आणि शिकायला येणाऱ्यांची अडलेली गाडी बऱ्याचदा नुसती हवा सोडून पुढे निघते.

लिफ्टवर माझा राग नाही, मी स्वतः बसवून देतो. पण ती काय देते आणि काय घेते ते बघा. गाडीला सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा असेल तर स्प्रिंग कितीही उंच केले तरी डिफरेन्शियलचं हाउसिंग जमिनीपासून होतं तितक्याच उंचीवर राहतं. ते वर जातं फक्त टायरने. लिफ्टने पोट, बंपर आणि पायऱ्या वर जातात, कोन सुधारतात. बदल्यात गुरुत्वमध्य वर जातो, आडव्या उतारावर गाडी लवकर कलंडते. पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगचा कोन, कमी होतो, मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं. पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सल आडवा हलू नये म्हणून लावलेला दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून थरथर सुरू होते, ब्रेकचे होज ताणले जातात. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद देणारे सांधे, तिरके चालतात आणि त्यांवरचे रबरी बूट फाटतात. या प्रत्येकाला उपाय आहे, पण तो तुमच्या स्वस्त किटच्या खोक्यात नसतो. दीड-दोन इंचांपर्यंत, चांगल्या शॉकसह आणि कॅस्टर दुरुस्त करून, रोजच्या गाडीला मी करून देतो. तीन इंच म्हणालात तर आधी बाकीच्या कामांचं कोटेशन हातात ठेवतो.

टायर खरोखर घासतो का, हे बघायची एक पद्धत आहे. टायरच्या आतल्या-बाहेरच्या खांद्यांवर खडूने जाड पट्टे ओढा, पुढचं एक चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवून सस्पेन्शन पूर्ण दाबलं जाईल असं करा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग दुसऱ्या बाजूचं चाक. खडू पुसला जाईल तिथे टायर लागतोय. सपाट जागी उभ्या गाडीवर हे कधीच कळत नाही.

कच्च्यावर तुमची गाडी बहुधा एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत फिरवत अडेल. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे ज्याला पकड नाही त्याच्याइतकाच दुसऱ्याला मिळतो. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल फिरत्या चाकाला ब्रेक लावून हे सावरतं. त्याला क्षणभर वेळ द्यायचा, ॲक्सिलरेटर स्थिर धरून ठेवायचा. घाबरून पाय काढला की तेही थांबतं. हे करूनही वारंवार अडत असाल तर मागच्या ॲक्सलला लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप, बसवा. माझ्या मते तुमच्या वाटांवर तीन इंची लिफ्टपेक्षा मागचा लॉकर जास्त कामाचा. पुढचा लॉकर इतक्यात नको, लावला की स्टिअरिंग जड होतं.

बंपर, विंच, स्नॉर्कल. स्टीलचा बंपर आणि विंच मिळून सहज 90-100 किलो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतात. गाडीचं कमाल वजन वजा रिकामं वजन, एवढाच तुमचा भार असतो. तो समजा 450 किलो असेल तर चार माणसांतच 300 गेले. त्यात बंपर, टूल, पाणी आणि छतावरचं कॅरिअर धरा. बंपर लावला की पुढे बसलेले स्प्रिंग उचलायला लिफ्ट लागते, लिफ्टने पुढची कामं निघतात. एकटे जात असाल तर विंच घ्या, पण ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट हवी. विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असतानाचा असतो. वरच्या थरांवर ओढ कमी होते. सोबत दुसरी गाडी असेल तर त्या पैशात कायनेटिक दोर (ताणला जाणारा ओढदोर), सॉफ्ट शॅकल (दोराची बनवलेली जोडकडी), फावडं आणि रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) येऊन वर उरतील.

यात एकच गोष्ट मी हट्टाने सांगतो. ट्रेलर ओढायच्या टो-बॉलला दोर अडकवून गाडी कधीच ओढायची नाही. झटक्याने तो गोळा तुटतो आणि गोळीसारखा सुटतो. अशाने माणसं मेली आहेत. जुनी गाडी घेतल्यावर पुढे-मागे चॅसीला बोल्ट केलेले, ताकद नमूद असलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे अडकलेली गाडी ओढायला दोर लावायचे हुक, आहेत का ते पहिल्याच आठवड्यात बघा. कंपनीतून जहाजात बांधण्यासाठी दिलेली कडी म्हणजे रिकव्हरी पॉइंट नव्हे. आणि दोर ताणलेला असताना कोणीही जवळ उभं राहायचं नाही, फोटो काढायलाही.

स्नॉर्कल सोडून द्या. त्याने इंजिनला श्वास मिळतो, गाडी जलरोधक होत नाही. पाणी किती खोल चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच खरं. त्याऐवजी दोन्ही डिफरेन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर नळी लावून बॉनेटखाली वर आणा, खर्च नगण्य आहे. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा स्टार्टर मारू नका; सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तर क्रम असा: दुरुस्ती, ऑल-टेरेन टायर, कंप्रेसर, रिकव्हरी पॉइंट आणि दोर, ब्रीदर. मग काही महिने गाडी चालवा आणि ती जिथे जिथे अडली ते लिहून ठेवा. पोट टेकतंय, चाक हवेत फिरतंय, की वाट चुकीची निवडली? पोट टेकत असेल तर आधी खालच्या संरक्षक प्लेट, मग छोटी लिफ्ट. चाक फिरत असेल तर लॉकर. बहुतेकांच्या वहीत तिसरंच कारण सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि त्याला सुटा भाग मिळत नाही. एक दिवस कोणाकडून तरी शिकून घ्यावं लागतं.

राहिला एलईडी बार. बंपरवर, खाली लावा. छतावरचा बार बॉनेटवर उजेड पाडतो, तो चकाकून डोळ्यांत येतो आणि समोरचं कमी दिसतं. धूळ किंवा धुकं असेल तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. शिवाय फांद्यांत अडकतो आणि वाऱ्याचा आवाज वेगळाच. रिले आणि फ्यूज घालून स्वतंत्र वायरिंग करा, रस्त्यावर झाकून ठेवा. आणि बार घेण्याआधी मूळ हेडलाइट नीट ॲडजस्ट करून बघा, जुन्या गाड्यांचे ते बहुतेक वेळा खाली किंवा वाकडेच लागलेले असतात.